मॅक्सिमा बारावीच्या पुस्तकासारखं उत्तर देत नाही, मदत हवी (सोमवारी छपाई!)

गणूमास्तर | शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. वर्षभरापासून मॅक्सिमा हे गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर वापरतोय, म्हणजे डब्ल्यूएक्समॅक्सिमा, मेनू आणि खिडक्यावालं. फुकट आहे, आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या मशिनींवरही चालतं. सराव संचाच्या उत्तरसूचीसाठी उत्तरं त्यावर पडताळून घेतो.

परवा वर्गातली एक मुलगी उत्तरसूची घेऊन आली. "सर, पुस्तकात लॉगच्या आत मॉड्यूलस आहे, तुमच्यात नाही. आमचा मार्क जाईल." बघतो तर खरंच. मी मॅक्सिमावर विश्वास ठेवून तसंच उतरवलं होतं. फळ्यापाशी उभं राहून घाम पुसला.

मग बसून नीट तपासलं तर एकेक सापडत गेलं:

इंटिग्रेट(१/क्ष, क्ष) दिलं की लॉग(क्ष) येतं. मॉड्यूलस नाही, अधिक सी नाही.
अ+ब लिहिलं की ब+अ करून परत देते.
साइन ३० ची किंमत दशांशात मागितली, उणे ०.९८८ आली. अर्धा कुठे गेला?
ई चा क्ष घात डिफरन्शिएट केला तर मागे लॉग ई चं शेपूट.

सोमवारी संच छापायला द्यायचाय. सॉफ्टवेअर बिघडलंय की मी?

(फोनवरून लिहितोय. मराठी-रोमन कळफलक सारखा बदलून अंगठे दुखतात, म्हणून आज्ञा देवनागरीत. टाइप रोमनमध्येच करायच्या हे तुम्हाला ठाऊक आहेच. क्ष म्हणजे एक्स.)

टिंब_टिंब | शुक्रवार, रात्री १०:२०

दोघेही ठीक आहात.

झणझणीत | शुक्रवार, रात्री १०:३१

मास्तर, हाताने सोडवा की. आमच्या वेळी लॉग टेबलवर सगळं व्हायचं.

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ११:०५

सर, चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. सोप्या दोन आधी निकालात काढतो.

मॅक्सिमाला नुसतं ई कळत नाही. ते तिच्या लेखी अ, ब, क सारखंच एक अक्षर. कुठल्याही अचल अक्षराचा क्ष घात डिफरन्शिएट केला की मागे त्या अक्षराचा लॉग येणारच, पुस्तकातही तेच सूत्र आहे. खरा ई हवा असेल तर आधी टक्क्याचं चिन्ह: %ई. पायचंही तसंच, %पाय. काल्पनिक आय सुद्धा %आय. हे एक चिन्ह विसरल्यामुळे निम्मे लोक "उत्तर चुकतंय" म्हणत येतात.

साइन ३० म्हणजे तुमच्या मनात ३० अंश, तिच्या मनात ३० रेडियन. ३० रेडियनचा साइन खरोखरच उणे ०.९८८ आहे. साइन(%पाय/६) देऊन बघा, १/२ येईल, तेही अपूर्णांकातच.

उरलेल्या दोन उद्या. आणि एक विनंती: पुढच्या वेळी नेमकं काय टाइप केलं आणि नेमकं काय उमटलं, ते जसंच्या तसं द्या. बिल्ड_इन्फो() ही आज्ञा दिली की आवृत्ती आणि आतली लिस्प (ती जिच्यात लिहिलीय ती प्रोग्रामिंग भाषा) कुठली ते छापून येतं, तेही चिकटवा. "चालत नाही" एवढ्यावर वैद्यही औषध देत नाही.

सिंधुसुता | शनिवार, सकाळी ६:४८

चहा उकळतोय तेवढ्यात लॉगचं सांगते, कारण या चारांत तेच खरं रंजक आहे.

मॅक्सिमा क्ष ही वास्तव संख्या आहे असं गृहीतच धरत नाही. संमिश्र संख्यांच्या प्रतलात लॉग क्ष चा डेरिव्हेटिव्ह १/क्ष, विषय संपला. क्ष ऋण असेल तर? उणे ५ चा लॉग म्हणजे लॉग ५ अधिक %आय गुणिले %पाय. हा मागचा तुकडा अचल आहे. म्हणजे ऋण बाजूला लॉग क्ष आणि लॉग |क्ष| यांच्यात फरक फक्त एका अचलाचा, आणि तो सी च्या पोटात जातो. त्यामुळे तिचं उत्तर चूक नाही. उलट मॉड्यूलसच संमिश्र प्रतलात त्रास देतो, तिथे |क्ष| चा डेरिव्हेटिव्ह धड मिळतच नाही. वास्तव संख्यांपुरतं बघणाऱ्या बारावीच्या मुलांना मॉड्यूलस लागतोच, हेही तितकंच खरं.

या वादावर मॅक्सिमावाल्यांनी आधीच स्विच ठेवलाय. नाव लॉगॲब्स: लॉग आणि ॲब्स (म्हणजे मॉड्यूलस), जोडून, छोट्या लिपीत.

लॉगॲब्स : ट्रू

असं दिलं की पुढच्या अनिश्चित इंटिग्रेशनमध्ये लॉग(|क्ष|) येईल. मर्यादा घालून निश्चित इंटिग्रेशन करता तेव्हा ती आतल्या आत हेच वापरते, तिथे काही सांगावं लागत नाही.

गणूमास्तर | शनिवार, सकाळी ८:३०

ताई, संमिश्र संख्यांचं इतकं सोपं करून मला एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं. दंडवत.

पण एक घोळ झालाय. लॉगॲब्स ट्रू केलं, वर जाऊन १/क्ष वालं गणित बघितलं, अजून तेच जुनं उत्तर. मग तीच ओळ खाली नव्याने टाइप केली तर इंग्रजीत लाल अक्षरांत चूक आली. व्हेरिएबल संख्या असता कामा नये, सापडली ३, अशा अर्थाचं काहीतरी.

अनुस्वार | शनिवार, सकाळी ९:१०

दोन वेगळ्या गोष्टी.

पानावर जे दिसतं ते म्हणजे मागे कधीतरी निघालेलं उत्तर. सेटिंग बदललं म्हणून ते आपोआप बदलत नाही. त्या सेलमध्ये (आज्ञेच्या चौकटीत) जाऊन शिफ्ट-एंटर पुन्हा द्यावं लागतं, किंवा सेल मेनूतून सगळे सेल एकदम चालवायचे.

आता लाल अक्षरं. कालपासून कधीतरी तुम्ही क्ष ला ३ दिलाय. शोधा पाहू, कुठेतरी "क्ष : ३" असेल. मॅक्सिमात किंमत द्यायला विसर्गासारखी दोन टिंबं लागतात, बरोबरचं चिन्ह नाही. बरोबर म्हणजे समीकरण, ती फक्त ऐकून घेते, लक्षात ठेवत नाही. दोन टिंबं दिली की लक्षात ठेवते आणि पुढे प्रत्येक क्ष च्या जागी ३ घालते. मग तुम्ही तिला सांगताय की १/३ चं ३ च्या सापेक्ष इंटिग्रेशन कर. ती बिचारी काय करणार.

व्हॅल्यूज असं टाइप करा, कुणाकुणाला किंमत दिलीय त्याची यादी येईल. किल(क्ष) केलं की क्ष मोकळा.

गणूमास्तर | शनिवार, सकाळी ९:२२

सापडलं. तिसऱ्याच सेलमध्ये. मुलांना f(३) दाखवायला गेल्या आठवड्यात केलं होतं, आज सकाळी हीच फाइल उघडून सगळे सेल चालवले त्यात ते पण चाललं.

किल(क्ष) करून लॉग(|क्ष|) आलं! उभ्या दोन रेघांसकट!

झणझणीत | शनिवार, सकाळी ९:४०

अभिनंदन. आता अधिक सी हाताने घाला, तेवढं तरी आम्हा माणसांना राहू द्या.

सिंधुसुता | शनिवार, सकाळी १०:०२

सी पण मिळतो, थोडा तिरका रस्ता आहे. नुसती राशी दिली तर अचल घालत नाही. समीकरण दिलंत, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकदम इंटिग्रेशन मागितलंत, तर उजवीकडे %सी१ असा अचल स्वतःहून येतो. क्ष² = १ देऊन बघा. डावीकडे क्ष घन भागिले ३, उजवीकडे क्ष अधिक %सी१. उत्तरसूचीसाठी मात्र झणझणीत म्हणतात तसं हातानेच घाला, सोपं पडेल.

मोरपीस०७ | शनिवार, सकाळी ११:१५

मी रसायनशास्त्राची. गणूमास्तरांच्याच कॉलेजात नाही, पण दुखणं तेच. विद्यार्थ्यांना पीएच काढायला मॅक्सिमा दिली. हायड्रोजन आयनांची संहती ०.००१, उत्तर ३ यायला हवं. आलं ६.९१. म्हणजे चांगलं जळजळीत आम्ल आमच्या लॅबमध्ये जवळजवळ पाणी झालं. एका मुलाने ते जसंच्या तसं जर्नलमध्ये लिहिलं आणि मी सही पण केली. 🙈

अनुस्वार | शनिवार, सकाळी ११:४०

मोरपीसताई, 😄. मॅक्सिमाचा लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, पाया ई. पाया १० चा स्वतःच बनवून घ्यायचा. नवं फंक्शन बनवायला दोन टिंबं आणि बरोबर, लागून:

लॉग१०(क्ष) := फ्लोट(लॉग(क्ष)/लॉग(१०))

फ्लोट मुद्दाम घातलाय. तो नसेल तर खालचा लॉग(१०) तसाच अक्षरांत राहतो, दशांश उत्तर येत नाही. आणि गणूमास्तरांसाठी अंशांतला साइन:

साइनडी(क्ष) := साइन(क्ष * %पाय / १८०)

साइनडी(३०) द्या, १/२. यात फ्लोट घालू नका, म्हणजे ६० अंशांना वर्गमूळ ३ छेद २ असं पुस्तकी उत्तर मिळेल.

आता ब+अ. आतल्या क्रमाने मॅक्सिमा वर्णमालेत पुढचं अक्षर आधी छापते आणि मोठा घात आधी. पॉवरडिस्प : ट्रू केलं की उलटं होतं. पण सांभाळून, मग बहुपदीही लहान घातापासून छापली जाईल: ६ − ५क्ष + क्ष². पुस्तकात क्ष² आधी असतो. एक मिळवायचं तर दुसरं सोडा. मी तर ब+अ ची सवय करून घेतली.

कार्डपंचिंग_काका | शनिवार, दुपारी १:३०

जेवून बसलोय, थोडं अवांतर चालेल ना? आम्ही फोर्ट्रान शिकलो ती कार्डं भोकं पाडून मशिनीत घालायची. त्याच काळात, १९६८ मध्ये, अमेरिकेत एमआयटीत मॅक्सिमा नावाच्या सॉफ्टवेअरची आजी जन्मली. नाव मॅक्सिमा नव्हे, मॅकसिमा. लिस्प भाषेत लिहिलेली. पुढे तिची एक प्रत अमेरिकन ऊर्जा खात्याकडे गेली. टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ती एकहाती सांभाळली, आणि १९९८ मध्ये ऊर्जा खात्याकडून ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात.

सांगायचं कारण, ही लॉगॲब्स-पॉवरडिस्प सारखी तोकडी, तुटक नावं त्या काळची वाटतात. आमच्या फोर्ट्रानमध्ये तर नाव सहा अक्षरांत बसवावं लागे.

मृगजळ | शनिवार, दुपारी २:०५

काका, भारी. मी सेज (असंच गणिताचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरते, तिथेही १/क्ष ला लॉग(क्ष) च येतं. कारण सेज इंटिग्रेशन करताना नेहमीच्या सेटिंगमध्ये आतून मॅक्सिमालाच विचारतो. दुकान वेगळं, गोदाम तेच.

गणूमास्तर | शनिवार, संध्याकाळी ६:४५

मंडळी, तुमच्यामुळे रविवार वाचणार असं दिसतंय. पण मशिन बंद करून चालू केली की लॉगॲब्स परत मूळपदावर. साइनडी ओळखीचंच देत नाही. रोज सकाळी हा सगळा मंत्र म्हणायचा का?

अनुस्वार | शनिवार, संध्याकाळी ७:२०

नाही. मॅक्सिमा सुरू होताना एक फाइल स्वतःहून वाचते: मॅक्सिमा-इनिट.मॅक. ती कुठे ठेवायची ते विचारायला मॅक्सिमा_यूजरडिर टाइप करा (मधे अधोरेषा). जे फोल्डर सांगेल तिथे ही फाइल बनवा, हे सगळे स्विच आणि फंक्शनं तिच्यात, प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम किंवा डॉलर. डब्ल्यूएक्समॅक्सिमा विसरलेला अर्धविराम स्वतः घालून घेते, ही फाइल मात्र नाही घालत. डॉलर दिलात तर उत्तर न छापता गुपचूप काम होतं, इथे तोच बरा.

माझ्या फाइलीत अजून दोन ओळी आहेत. रॅटप्रिंट : फॉल्स, म्हणजे दशांशाचा अपूर्णांक केला की "०.१ च्या जागी १/१० घेतलं" असली बडबड बंद. आणि एफपीप्रिंटप्रेक : ५, म्हणजे दशांश उत्तरात पाच अंक पुरे. लक्षात ठेवा, हे फक्त छापण्यापुरतं, आत ती पूर्ण अंकच धरून असते.

गणूमास्तर | शनिवार, रात्री १०:५०

बनवली. दोनदा बनवली. वाचत नाहीये. फोल्डर तेच आहे, नाव तेच आहे. चष्मा पुसून बघितलं.

टिंब_टिंब | शनिवार, रात्री १०:५४

नोटपॅड?

गणूमास्तर | शनिवार, रात्री १०:५६

हो.

टिंब_टिंब | शनिवार, रात्री १०:५७

शेवटी .टीएक्सटी लपलंय.

गणूमास्तर | शनिवार, रात्री ११:२०

अरे देवा. फोल्डरच्या व्ह्यू मध्ये जाऊन नावाची शेपटं दाखव असं केलं. मॅक्सिमा-इनिट.मॅक.टीएक्सटी. विंडोज मला शेपूट दाखवत नव्हतं आणि मी मॅक्सिमाला दोष देत होतो. सेव्ह ॲज मध्ये "ऑल फाइल्स" निवडून परत केलं. उघडताक्षणी साइनडी(६०) विचारलं, वर्गमूळ ३ छेद २.

टिंब_टिंब, तुम्ही कोण आहात हो?

मृगजळ | रविवार, सकाळी ८:१५

वाखूण साठवली. एक भर: किल(ऑल) करायची सवय असेल तर लक्षात असू द्या, त्याने इनिट फाइलीतली फंक्शनंसुद्धा उडतात. साइनडी गायब, लॉगॲब्स मात्र जागेवर. स्विचेस मूळपदावर आणायला रीसेट() ही वेगळी आज्ञा आहे. मला हे एका सबंध प्रॅक्टिकलच्या मध्यात कळलं.

गणूमास्तर | रविवार, सकाळी ९:००

सांगितलंत ते बरं, माझी प्रत्येक फाइल किल(ऑल) नेच सुरू होते!

मी अजून एक सुधारणा केली. १/(क्ष²+अ) चं इंटिग्रेशन दिलं की ती उलटं मलाच विचारायची: अ धन की ऋण? दर वेळी इंग्रजीत पॉझिटिव्ह लिहून अर्धविराम. कंटाळून इनिट फाइलीतच अझ्यूम(अ > ०) घातलं. आता गप्प बसते.

सिंधुसुता | रविवार, सकाळी ९:२५

मास्तर, ती ओळ आधी काढा! बाकी सगळं ठेवा, ती एकच काढा.

ती प्रश्न विचारते तेव्हा छळत नसते. अ धन असेल तर उत्तर टॅन व्यस्ताचं, ऋण असेल तर लॉगचं. दोन वेगळी सूत्रं, पुस्तकातही वेगवेगळी. तुम्ही हे फाइलीत कायमचं लिहून ठेवलंत, पुढे तीन महिन्यांनी एखाद्या गणितात अ ऋण असेल, ती विचारणारच नाही, बिनदिक्कत धन धरून उत्तर देईल. आणि तुम्हाला आठवणारही नाही की आपणच तसं सांगून ठेवलंय. उत्तर कसं दिसावं हे फाइलीत असू द्या, गणितातली गृहीतकं त्या त्या पानावर. पान झालं की फर्गेट(अ > ०). आत्ता काय काय धरून बसलीय ते फॅक्ट्स() ने दिसतं.

गणूमास्तर | रविवार, सकाळी ९:३१

काढली. क्ष : ३ वरून शिकायला हवं होतं.

मोरपीस०७ | रविवार, सकाळी १०:१०

माझी फाइल तयार! पीएच ३.० आला. जर्नलमधली सही कशी मागे घ्यायची तेवढं सांगा.

बाय द वे, मेनू मराठीत करता येतात का? मला यादीत मराठी दिसली नाही. आमच्या मुलांना फार उपयोग होईल.

मृगजळ | रविवार, सकाळी १०:३०

करता येतात. मेनूतले सगळे शब्द पीओ नावाच्या फाइलींत असतात, एका बाजूला इंग्रजी, समोर भाषांतर. प्रोग्रामिंग यायला लागत नाही. कुणी मराठीची फाइल भरली आणि ती डब्ल्यूएक्समॅक्सिमावाल्यांनी घेतली की झालं. मी अर्धी भरीन.

झणझणीत | रविवार, सकाळी १०:४५

इंटिग्रेशनला काय लिहिणार? संकलन?

सिंधुसुता | रविवार, सकाळी १०:५२

संकलन म्हणजे बेरीज वाटेल मुलांना. समाकलन.

कार्डपंचिंग_काका | रविवार, सकाळी ११:०८

समाकलन म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला इंटिग्रेशन कळतंच. इंटिग्रेशनच ठेवा.

झणझणीत | रविवार, सकाळी ११:१०

आणि डिफरन्शिएशन? अवकलन, विकलन, की...

संपादक | रविवार, सकाळी ११:५५

शब्दांची चर्चा वेगळ्या धाग्यावर नेली आहे (तिथे आत्ताच सव्वीस प्रतिसाद झाले आहेत). इथे कृपया मूळ प्रश्न.

गणूमास्तर | रविवार, दुपारी ३:४०

मूळ प्रश्नातला शेवटचा तुकडा. संचात एक आलेख हवाय, वर्तुळाची त्रिज्या आडवी, क्षेत्रफळ उभं. अक्षांची नावं मराठीत हवीत कारण हेच पान मी गावच्या आठवी-नववीच्या मुलांनाही देतो. डब्ल्यूएक्सप्लॉट२डी ला एक्सलेबल म्हणून "त्रिज्या" दिलं. आधी नुसते चौकोन आले. फॉन्ट बदलला तर जे आलं ते शब्दांत सांगतो: त चा पाय मोडून हलन्त बाहेर लोंबतोय, र वेगळा उभा, र ची वेलांटी र ओलांडून ज ला जाऊन चिकटलीय, आणि ज् आणि य यांची फारकत. वाचणारा "त्‌रजि्‌या" असलं काहीतरी म्हणेल. चित्र काढून वर हाताने लिहू का?

मृगजळ | रविवार, दुपारी ४:०५

हा घोळ माझ्याकडे सेजच्या आलेखांत पण व्हायचा. चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मोडलेली वेलांटी म्हणजे अक्षरं आहेत, पण चित्र काढणारा ती टाइप झाली त्या क्रमाने एकेक करून मांडतोय. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो पण दिसते आधी, जोडाक्षरात तर अख्खा आकार बदलतो. ते जुळवणारं यंत्र मधे हवं. मॅक्सिमात मात्र उपाय आहे, अनुस्वार सांगतील.

अनुस्वार | रविवार, दुपारी ४:३०

मॅक्सिमा स्वतः आलेख काढत नाही, ग्नूप्लॉट नावाच्या आलेखाच्या प्रोग्रामकडून काढून घेते. ग्नूप्लॉटला चित्र बनवायचे बरेच मार्ग आहेत. साध्या पीएनजीच्या मार्गाने गेलात की मृगजळ म्हणतात तसं एकेक अक्षर मांडलं जातं. पीएनजीकैरो नावाच्या मार्गात अक्षरं पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राकडे जातात, आणि पँगोला जोडाक्षरं येतात.

इनिट फाइलीत ही ओळ घाला: डब्ल्यूएक्सप्लॉट_पीएनजीकैरो : ट्रू

तरी गडबड झाली तर आलेखाच्या आज्ञेत ग्नूप्लॉट_प्रीॲम्बल म्हणून "सेट एन्कोडिंग यूटीएफ८" द्या. फॉन्टही त्याच प्रीॲम्बलमध्ये सांगता येतो. मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा, तोही खुलाच आहे. आधी मशिनवर बसवून घ्या.

गणूमास्तर | रविवार, संध्याकाळी ७:१५

आलं!! त्रिज्या. जशीच्या तशी, अखंड. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी दोन दिवस?"

सिंधुसुता | रविवार, संध्याकाळी ७:४०

दाखवायलाच हवं.

एक राहिलंच. त्या मुलीला सांगा, लॉग |क्ष| अधिक सी हेही पुरतं पूर्ण नाही. शून्यापाशी फंक्शन तुटतं, त्यामुळे डाव्या बाजूचा सी आणि उजव्या बाजूचा सी वेगवेगळे असू शकतात. पुस्तक तेवढ्यात जात नाही. ती जाईल असं वाटतंय.

गणूमास्तर | मंगळवार, रात्री ९:२०

संच काल छापायला गेला. मुलीला ताईंचा निरोप दिला. पाच मिनिटं गप्प बसली, मग वहीत दोन वेगळे अचल घालून आलेख काढून आणला, डावा तुकडा वर, उजवा खाली. दोन्हींचा डेरिव्हेटिव्ह १/क्ष. मी तिला लॅबची किल्ली आणि माझी इनिट फाइल दिली. तिने पहिलं काम काय केलं असेल तर पॉवरडिस्पची ओळ काढून टाकली. म्हणे क्ष² आधी नसेल तर वाचता येत नाही.

ज्यांना मराठीतून पहिल्यापासून सुरुवात करायचीय त्यांना एक सांगून ठेवतो, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि लाटेक (गणिताच्या छपाईचं) यांचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. लाटेकचे मला उपयोगी पडले, कारण मॅक्सिमातल्या उत्तराला टेक() लावलं की ते छपाईच्या रूपात मिळतं, उचलून डकवायचं.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता शेवटचं, खरंच शेवटचं. मॅट्रिक्सवर आलोय. पहिल्या ओळीत १, २, दुसऱ्या ओळीत ३, ४. हा मॅट्रिक्स स्वतःशीच गुणला, पुस्तकात ७, १०, १५, २२ आहे. मॅक्सिमा म्हणते १, ४, ९, १६. हाही संमिश्र संख्यांचा प्रकार का?

अनुस्वार | मंगळवार, रात्री ९:३५

मास्तर, नवा धागा काढा.

टिंब_टिंब | मंगळवार, रात्री ९:३६

तारका नको. टिंब.